स्पुटनिक ते थुंबा: अवकाशस्पर्धेचं राजकारणात काय उरलं?

अवकाश क्षेत्रातल्या एका नव्या कंपनीत काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरने मला विचारलं आहे: "तुम्ही स्पुटनिकपासूनचा काळ पाहिलात आणि पुढे आयुष्यभर याच क्षेत्रात काम केलंत. अमेरिका आणि सोव्हिएत युनियनची ती स्पर्धा शेवटी जिंकलं कोण? आणि इतक्या वर्षांनी तिचं राजकारणात काय उरलं आहे? की झेंडा, फोटो आणि टपाल तिकिटं, एवढंच?"

प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चंद्रापुरतं बोलायचं तर अमेरिका जिंकली, त्यात वाद नाही. पण शर्यत चंद्रापाशी संपते हे १९६१ साली अमेरिकेनेच ठरवलं होतं. तोवर पहिला उपग्रह, कक्षेत गेलेला पहिला जीव, चंद्रावर आदळलेलं पहिलं यान, चंद्राच्या मागच्या बाजूचा पहिला फोटो आणि अवकाशात गेलेला पहिला माणूस, हे सगळं रशियाच्या खात्यात जमा होतं. शर्यत कुठे संपवायची हे ठरवण्याचा अधिकार ज्याने मिळवला तो जिंकला, असं म्हणायला हरकत नाही. मला स्वतःला त्या निकालाचं फारसं अप्रूप कधी वाटलं नाही. त्या स्पर्धेने मागे ठेवलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नियम. दोन घाबरलेल्या देशांनी, हाती फारसं काही लागायच्या आत, घाईघाईने केलेले नियम. त्यांच्याच आडोशाला उभं राहून भारतासारखा गरीब देश अवकाशात पोचला. आज ते नियम सैल पडत चालले आहेत, आणि त्याची काळजी आपल्याकडे जितकी वाटायला हवी तितकी वाटत नाही. हे मी का म्हणतो ते सांगतो.

४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला तेव्हा मी सांगलीला शाळेत होतो. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा गोळा, त्याला चार अँटेना, आणि २० व ४० मेगाहर्ट्झवर सतत चाललेली बीप-बीप. आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर पृथ्वी काढली, भोवती लंबवर्तुळ काढलं आणि दीड तासाच्या आसपासची प्रदक्षिणा समजावून सांगितली. पुढच्या काही दिवसांत एका पहाटे ते आम्हा पोरांना कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. एक ठिपका वर आला, न लुकलुकता सरळ चालत गेला आणि बघता बघता मावळला. आवाज अजिबात नाही. आमच्यातलं कुणीही बोलत नव्हतं.

उघड्या डोळ्यांना दिसायचा तो ठिपका म्हणजे स्पुटनिकचा गोळा नव्हे. एवढासा गोळा जमिनीवरून दिसणं फार अवघड. लोकांना दिसायचा तो त्याच्याबरोबर कक्षेत गेलेला रॉकेटचा मधला भाग, २५ मीटरहून लांब नळकांडं. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण सगळं राजकारण त्या नळकांड्यात होतं. ते आर-७ जातीचं रॉकेट, म्हणजे मुळात आंतरखंडीय क्षेपणास्त्र. त्याची पहिली यशस्वी चाचणी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाली होती. वॉशिंग्टनमध्ये जी झोप उडाली ती बीप-बीप ऐकून नव्हे. जे रॉकेट कक्षेत उपग्रह सोडतं ते अमेरिकेच्या शहरावर बॉम्बही टाकू शकतं, हा हिशेब प्रत्येकाने मनात केला. डिसेंबरमध्ये अमेरिकेचं व्हॅनगार्ड रॉकेट सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर पॅडवरच पेटलं तेव्हा ती भीती दुप्पट झाली. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ जानेवारी १९५८ च्या अखेरीस कक्षेत गेला, त्याच वर्षी नासा उभी राहिली, शाळा-कॉलेजांतल्या विज्ञानशिक्षणासाठी कायदा आला. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो.

कमी माहीत असलेली गोष्ट अशी: स्पुटनिक अनेक देशांवरून रोज फिरत होता आणि एकाही सरकारने "आमच्या डोक्यावरून का गेलात?" असा निषेध नोंदवला नाही. विमानाला परक्या देशावरून जायला परवानगी लागते. उपग्रहाला लागते की नाही, हे तोवर कुणी ठरवलंच नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारला नेमकी हीच चिंता होती, कारण त्यांना पुढे हेरगिरी करणारे उपग्रह सोडायचे होते. स्पुटनिकनंतर चारच दिवसांनी व्हाइट हाउसमधल्या बैठकीत संरक्षण खात्याचे उपमंत्री डोनाल्ड क्वार्ल्स यांनी मुद्दा मांडला की अवकाश सर्वांना खुलं आहे हा पायंडा पाडून रशियाने नकळत आपलं कामच केलं आहे. मे १९६० मध्ये रशियाने यू-२ हे हेर विमान पाडलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहाची फिल्म पॅराशूटने उतरताना विमानाने हवेतच पकडली, तेव्हा कायद्याच्या अंगाने कुणी ब्र काढू शकलं नाही. त्या एका खेपेत रशियाच्या जेवढ्या भूभागाचे फोटो मिळाले तेवढे तोवरच्या सगळ्या यू-२ उड्डाणांत मिळून मिळाले नव्हते.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं? १७ मार्च १९८८ ला पृथ्वीचे फोटो काढणारा आपला उपग्रह आयआरएस-१ए सोव्हिएत युनियनमधल्या बैकानूर तळावरून गेला आणि सगळ्या जगावरून फिरू लागला. आपण कुणाची परवानगी घेतली नाही, घ्यावी लागली नाही. पीक, जंगल, पाणी, पूर, सगळ्याचे फोटो आपण काढतो ते त्या मौनातून उभ्या राहिलेल्या हक्कावर. यावरून संयुक्त राष्ट्रांत पुढे बरीच वर्षं भांडण चाललं. आमच्या जमिनीचा फोटो काढण्याआधी आमची संमती घ्या, असा लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांचा आग्रह होता. १९८६ मध्ये जी तत्त्वं ठरली त्यांत संमतीची अट आली नाही. ज्या देशाचे फोटो काढले त्याला ते भेदभाव न करता, वाजवी किमतीत मिळाले पाहिजेत, एवढं आलं. भारत त्या वेळी फोटो काढला जाणारा देशही होता आणि लवकरच फोटो काढणारा देशही होणार होता. आपल्या मंडळींना दोन्ही बाजू कळत होत्या, आणि मला वाटतं त्यामुळेच आपलं बोलणं तिथे ऐकलं जायचं.

आता त्या काळच्या वातावरणाबद्दल. सांगलीसारख्या गावातही दोन्ही महासत्ता पोचल्या होत्या. रशियाची गुळगुळीत कागदावरची मासिकं मराठीत, अगदी नगण्य वर्गणीत घरी यायची. वाचून झाली की त्या कागदाची वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची. माझ्या भूमितीच्या वहीवर एक वर्षभर गागारिन हसत होता. अमेरिकेच्या माहिती खात्याची गाडी यायची, मैदानात पडदा लावून रॉकेटच्या फिल्म दाखवायची. १९६१ च्या अखेरीस गागारिन भारतात आला, मुंबईलाही गेला. ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईला आले. मुंबईने दोघांनाही डोक्यावर घेतलं. या पाहुण्यांना दोन्ही सरकारं जगभर फिरवत होती त्यामागे कारण होतं. नुकतेच स्वतंत्र झालेले आशिया-आफ्रिकेतले देश हे या स्पर्धेचे खरे पंच होते. कोणती व्यवस्था पुढे जाणारी आहे, कुणाच्या बाजूला उभं राहायचं, हे आम्ही ठरवणार होतो. आमच्या टाळ्यांना किंमत होती, आणि ती किंमत वसूल करता येते हे ज्यांना सर्वांत आधी उमगलं त्यांत भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घालणारे विक्रमभाई साराभाई होते.

केनेडींचं उदाहरण घ्या. गागारिनचं उड्डाण १२ एप्रिल १९६१ चं. पाचच दिवसांनी क्युबावरच्या बे ऑफ पिग्जच्या स्वारीत अमेरिकेची नाचक्की झाली. २५ मे ला केनेडींनी दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवण्याची घोषणा केली. नोव्हेंबर १९६२ मध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी झालेलं त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित आहे. त्यात ते स्वच्छ सांगतात की मला अवकाशात तेवढा रस नाही, एवढा पैसा ओतायचा तो रशियाला हरवायचं म्हणून. आणि तेच केनेडी २० सप्टेंबर १९६३ ला संयुक्त राष्ट्रांत उभे राहून म्हणतात, चंद्रावर आपण आणि रशिया मिळून का जाऊ नये? काही लोक याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. मधल्या काळात क्युबातल्या क्षेपणास्त्रांचा पेचप्रसंग होऊन गेला होता. विनाशाच्या इतक्या जवळ जाऊन आलेला माणूस वेगळं बोलू लागतो.

त्या भाषणानंतर दोनच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी, केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या थुंब्याहून आपलं पहिलं साउंडिंग रॉकेट, म्हणजे कक्षेत न जाता वरच्या हवेची मोजमापं करून खाली येणारं छोटं रॉकेट, उडालं. दुसऱ्या दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. आमच्या वरिष्ठांपैकी काहींना ते दोन दिवस एकत्रच आठवत.

मी थुंब्याला रुजू झालो तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तिथली परिस्थिती एव्हाना बरीच सांगून झाली आहे: सेंट मेरी मॅग्डलिनच्या चर्चमध्ये ऑफिस आणि प्रयोगशाळा, नारळाची झाडं, वाळू, सायकली. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांना विचारून चर्च दिलं, हेही सर्वांना माहीत आहे. जागा सोडून गेलेल्या मच्छीमार कुटुंबांचं नाव मात्र फारसं निघत नाही. भारताच्या अवकाश कार्यक्रमाची पहिली किंमत त्यांनी मोजली, आणि माझ्या मते त्यांचं ऋण आपण नीट फेडलेलं नाही.

थुंबा निवडलं गेलं ते चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जमिनीला समांतर असतं ती रेषा, तिथून जातं म्हणून. साधारण १०० ते ११० किलोमीटर उंचीवर तिथे विजेचा एक जोरदार प्रवाह पूर्व-पश्चिम वाहत असतो. फुगे तिथवर पोचत नाहीत, उपग्रह तेवढ्या खाली टिकत नाहीत. तिथे जायचं तर रॉकेटनेच. अशी जागा जगात मोजक्याच देशांकडे होती, आणि दोन्ही महासत्तांच्या शास्त्रज्ञांना ती हवी होती. म्हणून पहिलं रॉकेट नाइके-अपाचे अमेरिकेचं, त्यातलं सोडियमचं पेलोड, म्हणजे प्रयोगाचं सामान, फ्रान्सचं, हेलिकॉप्टर आणि मिन्स्क संगणक रशियाचा. एकाच किनाऱ्यावर. पुढे फ्रान्सची सेंटॉर रॉकेटं आपण परवान्यावर बनवायला लागलो, ब्रिटिशांची स्कुआ आणि पेट्रेल आली. १९७० पासून रशियाचं एम-१०० हे हवामानाचं रॉकेट दर आठवड्याला उडू लागलं.

सोडियमचा प्रयोग मी जवळून पाहिला, त्यावर कामही केलं, म्हणून तो कसा चालायचा ते सांगतो. वेळ संधिप्रकाशाचीच हवी. जमिनीवर अंधार झालेला, पण दीडशे-दोनशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन. तो अवधी फार थोडा, त्यामुळे काउंटडाउन कितीही अडखळलं तरी घड्याळ थांबायचं नाही. रॉकेटला दिशा देणारी यंत्रणा नाही. एकदा सुटलं की सुटलं. म्हणून उड्डाणाआधी फुगे सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजायचा, स्लाइड रूल घेऊन हिशेब करायचा आणि लाँचरचा कोन अंशा-अंशाने बदलायचा. शेवटचा फुगा आणि शेवटचा आकडा यांच्यामध्ये आमच्या खोलीत चिटपाखरू बोलायचं नाही. रॉकेट वर गेलं की डब्यातलं थर्माइट हे प्रचंड उष्णता देणारं मिश्रण पेटायचं, सोडियमची वाफ व्हायची आणि आकाशात नारिंगी-पिवळी रेघ उमटायची. पहिली काही सेकंद सरळ. मग वरचे वारे ती रेघ पिळायला लागायचे, एका उंचीवर पूर्वेला, दुसऱ्या उंचीवर पश्चिमेला. कन्याकुमारी, कोडाईकनाल अशा लांबलांबच्या ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो घ्यायचे आणि ते जुळवून कोणत्या उंचीवर वारा किती आणि कुठे, हे काढायचं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत राहायची. आम्ही मात्र कॅमेऱ्यांच्या ठाण्यांवरून "ढग नाहीत" असा निरोप येईपर्यंत श्वास रोखून.

२ फेब्रुवारी १९६८ ला इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केलं. बाहेरच्यांना तो समारंभ वाटला असेल. आत काम करणाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता: इथे येणारा कोणताही देश शांततेच्या संशोधनासाठी येईल, निष्कर्ष सर्वांना मिळतील, आणि कुणा एकाचा तळ इथे होणार नाही. चंद्रावर जाण्यात श्रीमंत देशांशी बरोबरी करायचं स्वप्न आपण बघत नाही, पण समाजाच्या प्रश्नांवर प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कुणाच्याही मागे राहता कामा नये, ही विक्रमभाईंची भूमिका आम्ही त्यांच्या तोंडून ऐकली आहे. ते डिसेंबर १९७१ मध्ये गेले. त्यांनी लावून ठेवलेल्या गोष्टी १९७५ मध्ये फळाला आल्या. १९ एप्रिलला आर्यभट्ट रशियाच्या कापुस्तिन यारहून गेला, उड्डाणाचा खर्च न घेता. बदल्यात रशियाच्या जहाजांना आपल्या बंदरांत यायची सोय मिळाली. १ ऑगस्टला अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून 'साइट' प्रयोग सुरू झाला आणि सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. त्याची धुरा कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी वाहिली. एकाच वर्षात दोन्ही महासत्तांकडून एवढं काम करून घेतलेला दुसरा देश मला माहीत नाही. अलिप्ततावाद म्हणजे नुसती भाषणं, असं जे आज सहज म्हटलं जातं, ते ऐकून मला वाईट वाटतं. आम्ही त्याचं फळ हातात धरलेलं आहे.

स्पर्धेची काळी बाजू झाकून ठेवायची नाही. व्ही-२ रॉकेटं नाझी जर्मनीत गुलामांकडून बनवून घेतली गेली. हजारो कैदी त्या भुयारांत आणि छावण्यांत मेले, आणि ते तंत्रज्ञान, त्यामागची माणसं, दोन्ही विजेत्या देशांनी वाटून घेतली. ऑक्टोबर १९६० मध्ये बैकानूरला क्षेपणास्त्र पॅडवर पेटून क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेडेलिन यांच्यासह कितीतरी माणसं जळाली. रशियाने ते जवळजवळ तीस वर्षं दडवलं. स्पुटनिक आणि गागारिनमागचा मुख्य माणूस सर्गेई कोरोलेव. त्यांचं नाव जगाला कळलं ते जानेवारी १९६६ मध्ये ते गेल्यावर. जिवंतपणी त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. एक इंजिनिअर म्हणून ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता नियमांकडे येतो. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकवर साधारण ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला. स्टारफिश प्राइम असं त्या चाचणीचं नाव. शेकडो मैलांवर हवाईमध्ये रस्त्यांवरचे दिवे गेले. त्याहून वाईट म्हणजे पृथ्वीभोवती किरणोत्साराचा नवा पट्टा तयार झाला आणि कक्षेत असलेले उपग्रह एकामागून एक निकामी होऊ लागले. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ त्यात सापडला, अमेरिकेचा टेलस्टार हा दळणवळण उपग्रहही सापडला. अवकाशात बॉम्ब फोडला तर तो शत्रू-मित्र ओळखत नाही, हे दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष दिसलं. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातल्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदी आली. आणि २७ जानेवारी १९६७ ला लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन अशा तिन्ही ठिकाणी अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला. त्याच संध्याकाळी केप केनेडीला अपोलो-१ च्या यानात आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी गेले. व्हाइट हाउसमधल्या सह्यांच्या समारंभाला त्यांचे सहकारी अंतराळवीर हजर होते. बातमी त्यांना तिथून परतल्यावर कळली.

करार छोटा आहे, एकदा जरूर वाचा. चंद्र किंवा कोणताही ग्रह कुणाच्या मालकीचा नाही. कक्षेत अण्वस्त्रं किंवा महासंहारक अस्त्रं ठेवायची नाहीत. चंद्रावर लष्करी तळ नाही, अस्त्रांची चाचणी नाही. अंतराळवीर ही सगळ्या मानवजातीची माणसं, संकटात सापडली तर कुणीही मदत करायची. हे मान्य झालं, कारण त्या दिवशी चंद्रावर कुणीच पोचलं नव्हतं आणि कोण आधी पोचेल याची खात्री कुणालाच नव्हती. हरणाऱ्याला आपण हरलो तर काय याची धास्ती होती, आणि हरणारा कोण ते ठरायचं होतं. असा क्षण वाटाघाटीत क्वचित येतो.

पण त्याच भीतीने करारात एक मोठं भगदाड ठेवलं. अण्वस्त्रं आणि महासंहारक अस्त्रांखेरीज इतर शस्त्रांबद्दल पृथ्वीभोवतीच्या कक्षांपुरतं करार काही बोलत नाही, कारण ती वाट दोघांनाही स्वतःसाठी मोकळी ठेवायची होती. उपग्रह पाडणारं क्षेपणास्त्र त्या भगदाडातून आलं. २००७ मध्ये चीनने स्वतःचा जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरहून अधिक उंचीवर फोडला. त्याचे तुकडे अजून फिरत आहेत. २७ मार्च २०१९ ला आपण मिशन शक्तीमध्ये साधारण ३०० किलोमीटरवर आपला उपग्रह पाडला. उंची जाणीवपूर्वक कमी ठेवली होती, बहुतेक तुकडे लवकर जळून गेले, पण काही अपेक्षेपेक्षा बरेच वर फेकले गेले आणि दोन वर्षांहून अधिक टिकले. २०२१ मध्ये रशियाने तेच केलं, आणि अवकाश स्थानकातल्या लोकांना, त्यांत त्यांचेही अंतराळवीर होते, परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं.

आपण चाचणी का केली, याचं कारण मला कळतं. अण्वस्त्रांच्या बाबतीत १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात काय झालं ते आपल्या पिढीने भोगलं आहे: १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते मान्यताप्राप्त, बाकीचे कायमचे बाहेर. तसं पुन्हा व्हायला नको, बंदी येण्याआधी आपली क्षमता सिद्ध झालेली बरी, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचाही अनुभव पाठीशी होता. १९९१ मध्ये रशियाशी करार झाला, १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले, तंत्रज्ञान अडवलं गेलं, नुसती तयार इंजिनं मिळाली. स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनावर आपलं मोठं रॉकेट जीएसएलव्ही यशस्वी व्हायला जानेवारी २०१४ उजाडला. नियम करणाऱ्यांच्या खोलीत आपण नसलो तर काय होतं, हे आम्ही तेव्हा शिकलो.

पण क्षमता सिद्ध झाली ना? मग पुढचं पाऊल आपणच टाकायला हवं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये अशा विध्वंसक चाचण्या करू नयेत, हा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. नुसतं स्वेच्छेचं वचन पुरेसं नाही, सर्वांना बांधणारा करार हवा, ही आपली भूमिका तत्त्वाने बरोबर आहे. तरीही मला ते मत पटलं नाही. बांधील करार होईपर्यंत हातात येतं ते घ्यावं आणि पुढचं मागत राहावं. १९६३ ची बंदीही अर्धवटच होती, जमिनीखालच्या चाचण्या तिने मोकळ्याच सोडल्या होत्या. पण ती आली म्हणून १९६७ चा करार सोपा झाला.

मी तांत्रिक सल्लागार म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीच्या बैठकांना बसलो आहे. तिथे मतदान होत नाही. १९६२ पासून प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने. एका वाक्यातल्या एका शब्दावर अख्खी दुपार जायची, दुभाष्यांची वेळ संपायची, आणि मग कॉफीच्या टेबलाशी दोन माणसं उभ्या-उभ्या तोडगा काढायची. नव्याने येणारे वैतागतात. मलाही तिथला संथपणा सोसवायचा नाही, पण दीर्घकाळ टिकेल असं काही व्हायचं तर ते असंच होतं. २०१९ मध्ये अवकाश सुरक्षित आणि वापरण्याजोगं राहावं म्हणून २१ मार्गदर्शक तत्त्वं याच पद्धतीने मान्य झाली, त्या वर्षी जगात एवढे ताणतणाव असूनही. ही सर्वसंमतीची सवय हाही त्या स्पर्धेचाच वारसा. दोन महासत्ता एकमेकींना मतांनी हरवू नयेत म्हणून ती लागली, आणि तिचा सर्वांत जास्त फायदा छोट्या देशांना झाला.

२१ जून २०२३ ला भारताने चंद्रावरच्या मोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस समझोत्यावर सही केली. त्यात चंद्रावरची संसाधनं काढणं १९६७ च्या कराराच्या विरोधात जात नाही, असं धरलं आहे. चीन आणि रशिया चंद्रावरच्या त्यांच्या तळाची आखणी वेगळी करत आहेत. म्हणजे पुन्हा दोन गट, पण या वेळी दक्षिण ध्रुवापाशी पाणी आहे, जागा मोजक्या आहेत, आणि कोण आधी पोचेल याचे अंदाज बांधता येतात. १९६७ ला जी अनिश्चितता मदतीला आली ती आज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ त्याच भागाजवळ उतरल्यामुळे आपला शब्द वजनदार झाला आहे. तो कोणत्याही एका गटाचा शब्द होऊ नये, असं मला तळमळीने वाटतं.

तुमच्या कामाशी याचा थेट संबंध १९६७ च्या करारातल्या सहाव्या कलमाने येतो. रशियाला अवकाशात फक्त सरकारं हवी होती, अमेरिकेला खासगी कंपन्याही हव्या होत्या. तडजोड अशी झाली की कंपन्या जाऊ शकतात, पण त्यांच्या प्रत्येक कृतीची जबाबदारी त्यांच्या सरकारची. परवानगी सरकारने द्यायची आणि देखरेखही त्यानेच ठेवायची. नुकसान झालं तर भरपाईही सरकारने. १९७८ मध्ये रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ कॅनडात कोसळला तेव्हा रशियाने अखेर ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. आज तुमची कंपनी परवानगीसाठी इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे जाते, विम्याचं विचारलं जातं, उपग्रह संपल्यावर खाली कसा आणणार हे विचारलं जातं, ते सगळं त्या तडजोडीतून आलेलं. आपल्याकडे २०२३ चं अवकाश धोरण आहे, पण संसदेने केलेला स्वतंत्र कायदा हवा. तो जितका लांबतो तितका तुमच्यासारख्यांना प्रत्येक गोष्टीसाठी खुलासे मागत फिरावं लागतं.

आणि तो परवानगीचा अर्ज भरताना उपग्रह खाली आणण्याच्या शेवटच्या टप्प्याचं पान सर्वांत आधी भरा. इंधनातला ठरावीक हिस्सा उपग्रह खाली आणण्यासाठी पहिल्या रेखाटनापासून बाजूला काढून ठेवा. वजन कमी करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते, आणि तेव्हा ती लागू देऊ नका. २०३० पर्यंत भारताची प्रत्येक मोहीम, सरकारी असो वा खासगी, मागे कचरा न ठेवणारी करायची, असं आपण जगाला सांगून बसलो आहोत. त्या शब्दाला तुमच्या कंपनीचा छोटासा उपग्रहही तितकाच बांधलेला आहे.